माइक चालू केला की शिव्या सुरू, रिपोर्ट करून खरंच काही होतं का?

चिंचबन
दीड वर्ष झालं एक पाच-पाच जणांचा शूटर खेळतेय, रात्री जेवणं आटोपली की मुंबई सर्व्हरवर, बहुतेक सोलोच, म्हणजे ओळखीचं कोणी टीममध्ये नसताना. काल ९-११ ने मागे होतो, मी माइकवर मॅपवरच्या बी साइटला समोरच्या टीमचे दोघं आलेत एवढाच कॉल दिला तर आपल्याच टीममधला एक "अरे लडकी है" करून सुरू झाला, मग त्याच्या दोस्ताने आईबहिणीवरून, आणि शेवटचे दोन्ही राउंड ते दोघं स्पॉनमध्येच, म्हणजे राउंड सुरू होतो त्याच जागी, उभे राहिले. रँक गेला त्याचं एवढं नाही, पण रात्रभर डोक्यात तेच. माइक बंद ठेवला तर कॉल राहतात, चालू ठेवला तर हे. रिपोर्ट केलाय. तुम्ही काय करता? गेम सोडायचा नाहीये मला.

उशिरा_ऑनलाइन
ताई, उलट उत्तर देऊ नका. मी दिलं होतं आणि चॅट बॅन मलाच लागला, कारण माझं टाइप केलेलं होतं आणि त्याचं नुसतं बोललेलं. पहिली शिवी आली की स्कोअरबोर्डवरून तेवढ्यालाच म्यूट करा, बाकीच्यांचे कॉल चालू राहतात. म्यूट केलेल्यासाठी पिंग पुरे, म्हणजे न बोलता मॅपवर खूण करायची. रिपोर्टमध्ये शिव्या आणि मुद्दाम न खेळणं दोन्ही टिक करा.

मिडलेनवाला
रिपोर्ट वाया जात नाही. डोटा २ या गेममध्ये बिहेवियर (वागणुकीचा) स्कोअर असतो, १२,००० पर्यंत, आणि २०२३ पासून बोलण्याचा स्कोअर वेगळा धरतात. स्कोअर पडला की माणूस तसल्याच लोकांच्या मॅचमध्ये जातो, लो प्रायॉरिटीत, म्हणजे शिक्षेच्या वेगळ्या रांगेत, टाकलं तर मॅचेस जिंकूनच बाहेर यायचं, नुसतं खेळून भागत नाही. आणि लीग ऑफ लेजंड्स या गेमवाल्यांनी एकदा समोरच्या टीमबरोबरचं चॅट आधीपासून बंद ठेवून बघितलं, हवं त्याने चालू करायचं. वाईट चॅट ३२.७ टक्क्यांनी घटलं, चांगलं ३४.५ टक्क्यांनी वाढलं, लोक बोलत मात्र होते तेवढेच. माणसं तीच, फक्त एक सेटिंग बदलली! म्हणून मला वाटतं हे सगळं खेळणाऱ्यावर ढकलणं चूक आहे, कंपन्यांनी हे आधीच करून द्यायला पाहिजे.

सपोर्टमेन
अगं मी पण यातूनच गेलेय. वर्षभर माइकच लावला नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो, कारण कॉल देणं हीच माझी खरी ताकद होती. आता आम्ही तिघी पार्टी करून, म्हणजे एकत्र गट करून मॅचला जातो, मग पाचात अनोळखी दोनच उरतात आणि तेही बऱ्यापैकी गप्प बसतात. एक मात्र लक्षात ठेव, गेमची आयडी आणि इन्स्टाची आयडी एक ठेवू नकोस. कोणी तिथपर्यंत आलाच, नको म्हटल्यावरही मेसेज करत राहिला तर स्क्रीनशॉट काढ मगच ब्लॉक कर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये हा पाठलागच धरतात, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींचा विभाग वेगळा आहे.

चिंचबन
आयडी आत्ताच बदलली. आज एकाला दुसऱ्याच राउंडला म्यूट केला, बाकी तिघं नीट बोलत होते, १०-१३ हरलो पण पूर्ण मॅच माइक चालू होता. ताई तुमच्या तिघींत चौथी चालेल का? मी स्मोक्स खेळते, म्हणजे धूर टाकून समोरच्यांची नजर अडवायचं काम.