ठिगळ, तुकडा की खण?

आमच्या इमारतीतल्या दहा जणींनी मिळून एका बाळासाठी क्रोशाचं पांघरूण करायला घेतलंय. प्रत्येकीने घरी बसून बारा सेंटिमीटरचे आठ चौकोन विणायचे, ऐंशी झाले की आठ आडवे, दहा उभे असे जोडायचे. मोबाइलवरच्या निरोपात मी लिहिलं, "सगळ्यांनी आपापली ठिगळं रविवारपर्यंत आणून द्या." खालच्या मजल्यावरच्या आजींना ते लागलं. आयुष्यभर गोधड्या शिवलेली बाई. मला म्हणाल्या, "ठिगळ फाटक्याला लावतात गं. माझं तर नवं कोरं आहे."

त्यांचं बरोबर होतं. ठिगळ म्हटलं की आधी कापड हवं, मग त्याला भोक हवं. 'तुकडा' शब्द घ्यावा तर तोही बसत नाही. तुकडा पडतो तो कशाचा तरी. हा चौकोन कशातूनच कापलेला नसतो. मधल्या चार साखळ्यांच्या कड्यापासून सुरू होऊन तो फेरीफेरीने बाहेर वाढतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीला चारी कोपरे धरून पुरा होतो. 'चौकोन' चालला असता, पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला पुढचं पांघरूण षटकोनांचं करायचंय. इंग्रजीतला 'मोटिफ' सगळ्या आकारांना चालतो, पण आजींच्या तोंडी तो यायचा नाही.

पुऱ्या झालेल्या वस्तूचीही हीच अडचण आहे. गोधडीत जुन्या कापडाचे थर असतात आणि आरपार जाणारा धावदोरा त्यांना धरून ठेवतो. हे एकपदरी, जाळीदार. धावदोरा घालणार कुठे? चादर म्हणायला तर सोलापुरात जीभच वळत नाही. आपल्याकडे चादर म्हणजे मागावर ताण्याबाण्याने अखंड विणलेली, जॅकार्डच्या नक्षीची, भौगोलिक मानांकन मिळालेली. आणि मागाचं, सुयांचं, क्रोशाचं, बाजेचं, टोपलीचं, सगळं काम मराठीत एकाच 'विणणे'त येतं. म्हणून नामं तरी नेमकी हवीत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरात या सुट्या भागाला, जोडण्याच्या कामाला आणि अख्ख्या पांघरुणाला काय म्हणतात?

प्रतिसाद – पूर्व भाग, सोलापूर

ताई, आमचं घर तेलुगू. कापडं जोडून केलेल्या जाड पांघरुणाला आई 'बोंता' म्हणते. शेजारचे कानडी लोक 'कौदी', गल्लीच्या टोकाला मराठी घर आहे तिथे 'वाकळ'. पण या तिन्हींत जुनेर आलंच. क्रोशाच्या कामाला आई यातला कोणताही शब्द वापरत नाही, नुसतं 'क्रोशाचं' म्हणते.

जोडण्यासाठी मात्र आमच्याकडे शब्द आहे. वडिलांनी माग चालवला. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपत आला की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्या टोकाला पीळ देऊन लावायचं. शेकडो टोकं, एकही चुकवून चालत नाही. वडील त्याला 'सांधणं' म्हणायचे. शिवणं वेगळं. शिवताना तिसरा दोरा येतो.

प्रतिसाद – मंगळवेढा

पांघरूण म्हणा की. सरळ शब्द आहे, कुणालाही कळतो.

प्रतिसाद – पंढरपूर

माझे आजोबा वाडे बांधायचे, म्हणून हे सुचलं. क्रोशाच्या उंच टाक्याला आपण 'खांब' म्हणतोच. घरबांधणीत दोन खांबांमधल्या जागेला 'खण' म्हणतात. जुनं घर तीन खणी, पाच खणी असं मोजत. क्रोशाच्या या चौकोनात तीन-तीन खांबांचे झुबके आणि मधे मोकळी जागा असते. मग अख्ख्या चौकोनालाच खण का म्हणू नये?

प्रतिसाद – सोलापूर, नवी पेठ

खण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ओटी येते. खण-नारळ. चोळीचा खण. बाळाच्या पांघरुणाला ऐंशी खण लागले असं ऐकलं तर सासूबाई दुकानात जायला निघतील. शिवाय कपाटाचाही खण असतो. एका शब्दावर किती ओझं टाकायचं?

मूळ लेखिका

सगळ्यांचे आभार. नवी पेठेच्या ताईंची हरकत मी दोन दिवस डोक्यात घोळवली, आणि शेवटी मला ती खणाच्याच बाजूची वाटली. चोळीचा खण थानातून वेगळा होतो, पण त्याला कुणी तुकडा म्हणत नाही, कारण तो मापाचा असतो, काठासकट असतो, तसाच ओटीत घालता येतो. आमच्या चौकोनाचंही तेच आहे. चारी बाजूंना काठ, माप ठरलेलं, आणि पांघरुणात गेला नाही तरी रुमालासारखा स्वतंत्र राहू शकतो. पंढरपूरकरांचा वाड्याचा खण आणि ओटीचा खण असे दोन्ही अर्थ इथे भेटतात. आकार बदलला तरी शब्द टिकतो: चौकोनी खण, सहाकोनी खण, तिकोनी खण.

'खांब' हा शब्द तर जपायलाच हवा. माझ्या भाचीने इंग्रजी नमुना बघून आठ चौकोन केले आणि तिचे सगळ्यांपेक्षा मोठे आले. घोटाळा शब्दांचा होता. आपला साधा खांब अमेरिकी नमुन्यात 'डबल क्रोशे' असतो आणि ब्रिटिश नमुन्यात 'ट्रेबल'. ब्रिटिश 'डबल' म्हणजे आपला ठेंगणा मुका खांब. नमुना ब्रिटिश होता, ती अमेरिकी समजून विणत गेली, सगळे खांब उंच झाले. तो नमुना कुणी मराठीत 'मुका खांब' असा लिहून दिला असता तर ती चुकली नसती.

आता सांधण्याबद्दल. पूर्व भागातल्या दादांनी सांगितलेला फरक मला फार मोलाचा वाटला. आम्ही तीन प्रकारे करून पाहिलं. मोठ्या सुईने दोन काठ शिवले तर जोड सपाट बसतो, पण तो शिवणच. दोन्ही काठांत क्रोशाची सुई घालून मुका खांब विणत गेलं की उठावदार कड येते. आजींना तीच आवडली, कारण बोटाला लागते. आणि शेवटची फेरी विणता विणताच शेजारच्या खणाच्या काठावरच्या साखळ्यांच्या कमानीत सुई घालून धागा ओढून घेतला, तर वेगळा जोड असा उरतच नाही. या तिसऱ्या प्रकाराला मी 'सांधत विणणं' म्हणेन. पहिल्याला 'शिवणं', दुसऱ्याला 'जोडणं'. खरी परीक्षा चौकात असते, म्हणजे चार खणांचे कोपरे जिथे भेटतात तिथे. धागा ढिला राहिला तर तिथेच भोक पडतं. षटकोनात तीनच कोपरे भेटतात, एकशेवीस अंशांचे, त्यामुळे जागा घट्ट भरते. नियमित पंचकोनांचं पांघरूण होतच नाही. कोपऱ्यांची बेरीज तीनशेसाठ जमत नाही.

अख्ख्या वस्तूसाठी मंगळवेढ्याचा 'पांघरूण'च घेते. गोधडी, वाकळ, चादर हे शब्द ज्या वस्तूंनी कमावलेत, त्यांच्याकडेच राहू देत. नेमकं सांगायचं असेल तर 'खणांचं पांघरूण'.

प्रतिसाद – पंढरपूर

छान वाटलं. एक विचारायचं राहिलं. षटकोन लावले की बाजू दातेरी येतात. काठ सरळ करायला अर्धे षटकोन घालावे लागतात. त्यांना काय म्हणाल?

मूळ लेखिका

आज आजींना विचारलं. त्यांच्या पुढ्यात सत्तेचाळीस खण सांधून पसरले होते. म्हणाल्या, "अर्धाखण. अजून काय?" आणि अठ्ठेचाळिसावा हातात घेतला.