कोल्हापुरीवर नवं डिझाइन करायचंय, सुरुवात कुठून करू?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या प्रोजेक्टसाठी पादत्राणं निवडली, आणि त्यातही कोल्हापुरी. माझे आजोबा निपाणीचे. ते बाजारातून परतले की गल्लीच्या तोंडापासून चपलांची करकर ऐकू यायची आणि आजी चहाचं आधण ठेवायची. तो आवाज अजून कानात आहे, म्हणून हा विषय.

अडचण अशी की मागच्या पावसाळ्यात ऑनलाइन एक जोड मागवला. 'अस्सल हातबनावटीची' असं लिहिलेलं, किंमत पावणेसातशे. पहिल्याच सरीत तळ फुगला, दोन दिवसांत थर सुटे झाले आणि मधल्या थरात चक्क पुठ्ठा निघाला. तेव्हापासून वाटतंय की खरी कोल्हापुरी म्हणजे नेमकं काय, हेच मला नीट ठाऊक नाही.

आणि इकडे फॅशन आपल्याच दिशेनं वळतेय. जाड, फुगीर सोलचे स्नीकर्स मागे पडून पातळ, चपट्या तळाचे जोडे आलेत. अंगठ्याच्या सपाट सँडल जिकडेतिकडे दिसतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच सँडल दाखवल्या, ते सगळ्यांना माहीतच आहे.

तर या वस्तूवर आज नवीन आणि चांगलं काम कोण करतंय? मूळ चप्पल किती बदलली तरी ती कोल्हापुरी राहते? माझे गाइड म्हणतात, रंग बदल आणि हील दे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते शब्दांत सांगता येत नाही.

लक्ष्मीरोडवाला

नावं विचारलीत म्हणून आधी नावं. तुमच्या पुण्यातलंच चॅपर्स बघा, हर्षवर्धन पटवर्धन यांचं. जीन्सवर कोल्हापुरी घालणारी कॉलेजची मुलं पुन्हा दिसायला लागली, त्यात या ब्रँडचा वाटा आहे असं माझं मत. मुंबईच्या अपराजिता तूर कोल्हापुरीचा बाज ठेवून रंग आणि नक्षीकाम करतात, लग्नसमारंभात चालतील असे जोड. कर्नाटकातल्या अथणीचं टोहोल्ड विसरू नका. ते महिला बचत गटांतून उभं राहिलेलं आहे, कारागीरच त्याचे मालक.

कोल्हापुरीच्या बाहेरचं एक नाव मुद्दाम देतो: आशय भावे यांचे 'थैली' स्नीकर्स, २०२१ साली आलेले. एका जोडात १० प्लास्टिकच्या पिशव्या आणि १२ बाटल्या जिरतात. बुटाचा आकार साधा, ओळखीचा आहे, पण सगळं डोकं मालावर चालवलंय. तुमच्या गाइडना हे उदाहरण दाखवा. रंग आणि हील यापलीकडेही डिझाइन असतं.

वादी_वेणी

शेवटच्या वर्षाला आहेस म्हणजे माझ्या लेकीच्याच वयाची, म्हणून एकेरीच लिहिते. राग मानू नकोस.

माझा जन्म कोल्हापूरचा, सुभाषनगरातला. वडील ऐरणीवर तळ ठोकायचे, आई वेण्या घालायची. गेली अठरा वर्षं मी तमिळनाडूत अंबूरकडे बुटांच्या कारखान्यात सॅम्पल विभागात आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारची पादत्राणं हाताखालून गेली आहेत: फर्म्यावर चढवलेला बूट, आणि फर्म्याशिवाय बनणारी आपली चप्पल.

तुला गाइडचं का पटत नाही, ते इथेच आहे बघ. बूट फर्म्यावर बनतो. लाकडी किंवा प्लास्टिकचा पायाचा आकार असतो, त्यावर अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, ओढून बसवतात. हील वाढवायची तर फर्मा बदलायचा, बाकीचं त्यामागोमाग येतं. पारंपरिक कोल्हापुरीला फर्माच नाही. ती सपाट कापली जाते, सपाट शिवली जाते आणि घालणाऱ्याच्या पायावर आकार घेते. पहिले आठ दिवस ती चावते ते त्यामुळेच. तिच्याखाली हील ठोकलीस की पाय पुढे घसरतो आणि सगळा भार अंगठ्याच्या पट्टीवर येतो. ती पट्टी भार घ्यायला नाही, वाट दाखवायला आहे.

आता खरी कशी ओळखायची. जोड हातात घेऊन आधी कडेनं बघ. शिवण दोऱ्याची आहे की वादीची, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीची? आमच्याकडे आरीनं भोक पाडून त्यातून कातड्याचीच वादी ओढतात, खिळा कुठेही मारत नाहीत. ओली वादी वाळताना भोकात घट्ट बसते. दोरा झिजतो आणि एक टाका गेला की पुढचे उसवत जातात. मग तळाची कड. कापलेल्या कातड्याच्या कडेला तंतू दिसतात. तिथं गुळगुळीत रंग फासलेला असेल तर नखानं खरवडून बघ. तुझा पुठ्ठा तेव्हाच सापडला असता. शेवटी वास घे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला तुरट, झाडाचा वास येतो. रेक्झिनला रॉकेलसारखा येतो.

आईच्या वेणीचं सांगते, कारण वेबसाइटवर तिचा फोटो येतो पण ती कशी बनते ते कुणी लिहीत नाही. शेळीचं पातळ कातडं. रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, त्याच्या सुतासारख्या पट्ट्या काढायच्या. रापी ओढायची नाही, पुढे ढकलायची, आणि मनगट हलू द्यायचं नाही. पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. आई भिंतीला टेकून बसायची, पट्ट्यांचं टोक डाव्या पायाच्या अंगठ्यात धरायची आणि वेणी स्वतःकडे ओढत विणायची. कोरडी पट्टी विणली तर वेणी चार दिवसांत सैल पडते. ओली विणली तर वाळताना आवळते आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. पावसाळ्यात ती वाळायचीच नाही. कातडंही वाळायचं नाही, काम मंदावायचं, आणि श्रावणापर्यंत घरात उधारीची वही चालायची. जोडाच्या किमतीत वेणीचे वेगळे पैसे कधी धरले गेले नाहीत. व्यापारी जोड मोजायचा, आणि जोड वडिलांच्या नावानं जायचा. आईच्या अंगठ्याला घट्टा होता, शेवटपर्यंत.

म्हणून तू विचारतेस 'किती बदललं तरी कोल्हापुरी राहते', तर माझं उत्तर असं: वर दिसतं त्यात हवं ते कर, पण आधी कान समजून घे. पंजाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतात ते कान. ते तळाच्या दोन थरांमध्ये घालून शिवलेले असतात आणि पट्टा त्यांनाच धरून असतो. कान थोडा पुढे सरकला की पट्टा करंगळीच्या सांध्यावर घासतो. मागे सरकला की पाय बाहेर निसटतो आणि माणूस बोटं आवळून चालतो. या दोहोंमधली जागा म्हणजे काही मिलिमीटरचा खेळ आहे, आणि माझ्या वडिलांनी तो कधी पट्टीनं मोजला नाही, बोटानं मोजला. नव्या ब्रँडचे कितीतरी देखणे जोड मी घालून पाहिले, त्यांतल्या निम्म्यांचे कान चुकलेले असतात. चित्र वरून काढलेलं असतं ना, म्हणून. कोल्हापुरीचं चित्र तळापासून काढावं लागतं.

टाचदुखी

वादी_वेणी ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

माझा प्रश्न ग्राहकाचा. मला टाचेचा त्रास आहे. सपाट, कडक तळ अर्धा दिवस घातला की संध्याकाळी टाच टेकवत नाही. पण साडीवर मला कोल्हापुरीच हवी असते. यावर काही होऊ शकतं का? आतून स्पंज लावलेले जोड मिळतात, ते महिन्याभरात दबतात आणि वरचं कातडं सुरकुततं.

पाऊलखुणा

टाचदुखी ताई, हाच माझा प्रोजेक्ट होऊ शकतो! वादी_वेणी ताई, कानाबद्दल वाचलं आणि माझी सगळी स्केचेस बाजूला ठेवली. सगळी वरूनच काढली होती.

दूरदेशी

प्राडाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. १९८८ साली मार्टिन मार्जिएला या बेल्जियन डिझायनरनं पॅरिसमध्ये पहिल्या शोला अंगठा वेगळा असलेले बूट आणले. मॉडेल्सच्या बुटांच्या तळांना लाल रंग लावला होता, त्यामुळे पांढऱ्या कापडावर त्यांची पावलं उमटत गेली. तो आकार जपानी कामगारांच्या पादत्राणाचा, आणि बुटाचं नाव आजही 'ताबी'च आहे. जगात कुणीही तो विकत घेतो तेव्हा जपानी शब्दच उच्चारतो. मिलानमध्ये नेमकं हेच राहिलं. पहिल्यांदा फक्त 'लेदर सँडल्स' म्हणून दाखवल्या. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणजे आकार सुरक्षित झाला. तसं नाही. जीआय नावाचं रक्षण करतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांबाहेर बनलेल्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. पण आकार घेऊन नाव गाळलं तर हा कायदा फारसा काही करू शकत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हा भाग जरूर घ्या.

वादी_वेणी

दूरदेशी, ताबीचं उदाहरण फार नेमकं दिलंत. आकार परदेशी गेला याचं मला वाईट वाटलं नाही. आमच्या चपला आठशे युरोच्या काचेत बसल्या हे आईला सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. वाईट वाटलं ते नाव गाळलं त्याचं. पण खरं सांगू, आपले नवे ब्रँडही तेच करतात. डिझायनरचा फोटो, तिचा प्रवास, आणि खाली 'स्थानिक कारागिरांनी बनवलेली'. कोणत्या कारागिरांनी? त्यांना नावं आहेत.

टाचदुखी, स्पंजानं होणार नाही. कोल्हापुरीचं कातडं घाम पितं आणि हवा सोडतं, मध्ये स्पंज आला की दोन्ही थांबतं. दोन गोष्टी करता येतील. एक म्हणजे तळाच्या मधल्या थरात टाचेखाली खळगा कोरून घ्यायचा आणि त्यात कातड्याचेच पातळ तुकडे न ठोकता भरायचे. आमच्याकडे कातडं भिजवून ऐरणीवर ठोकतात, त्यानं ते दाबून लाकडासारखं होतं. न ठोकलेलं कातडं दबतं आणि परत उठतं. वडिलांनी आजीसाठी असा एक जोड केला होता आणि ती त्यावर पंढरपूरला जाऊन आली. दुसरं म्हणजे खालून पातळ रबरी तळ. तो हल्ली बरेच जण लावतात, वादीची शिवण त्यानं जमिनीवर घासत नाही. जुनी माणसं नाक मुरडतात. मी मुरडत नाही, सिमेंटच्या फरशीवर चालणाऱ्या पायाला तो हवाच.

पाऊलखुणा, तू टाचेचा खळगा घे. त्यात अजून कुणी नीट काम केलेलं माझ्या पाहण्यात नाही. आणि अर्ध्या साइजचा प्रश्नही घे. आमच्याकडे सहा आणि सात असतात, साडेसहाच्या बाईनं काय करायचं? ती सात घेते आणि बोटं आवळून चालते. रंगाचं म्हणशील तर एवढंच: साल-हिरड्याचं कातडं फिकट गुलाबी धरत नाही, तपकिरी वर येतोच. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं कातडं हवा तो रंग घेतं, पण मऊ असतं, तळाला उभं राहत नाही. हवं तर फक्त वेणीला रंग दे.

कोल्हापुरात गेलीस तर चप्पल लाइनीत दुकानं बघून परत येऊ नकोस. तिथून सुभाषनगरात जा. महामंडळानं जोडांवर क्यूआर कोड द्यायला सुरुवात केलीय, त्यावरूनही कारागीर शोधता येईल. सॅम्पल एकदा बनत नाही, तीनदा बनतं. तिन्हींचे पैसे दे, बिघडलेल्याचेही. राज्याच्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं, आता मुख्य मदार म्हशीच्या कातड्यावर आहे आणि ते महाग आहे. विद्यार्थी म्हणून कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी घेऊ नकोस. आणि वेणी कोण घालतं ते विचार. बहुतेक आतल्या खोलीत कुणीतरी बसलेली असेल. तिच्याशी बोल, आणि तिची परवानगी असेल तर तिचं नाव तुझ्या बोर्डावर तुझ्या नावाच्याच आकारात लिही.

पाऊलखुणा

ताई, येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतेय. गाइडना खळग्याचं सांगितलं, ते तयार झाले. सोबत काय नेऊ?

वादी_वेणी

वर्तमानपत्र. त्यावर उभी राहा, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून पाय आखायला सांग. स्वतः वाकून आखलंस तर माप चुकतं. सकाळी आखू नकोस, दिवसभर चालून झाल्यावर संध्याकाळी आख, तेव्हा पाय खऱ्या मापाचा असतो. दोन्ही पाय आख, डावा-उजवा सारखा नसतो. टाचदुखी ताईंनाही त्यांचे पाय आखून पाठवायला सांग. पहिला जोड त्यांच्याच मापाचा करून घे.