चोरून काढलेल्या मोचे सुरयांचा अभ्यास करावा का?

शर्वरी:
पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचे प्राचीन मोचे लोक मृतांसोबत चितारलेल्या सुरया पुरत. मलईरंगी पोटावर तांबूस रेषांनी काढलेले धावपटू, कैदी नेणारे योद्धे. वर रिकिबीसारखी वळलेली नळी. जगभरच्या संग्रहांतल्या असंख्य सुरया थडगी फोडणाऱ्या 'वाकेरों'नी काढलेल्या आहेत. माझ्या मते उत्खननाची नोंद नसलेल्या सुरईवर शोधनिबंध छापूच नये. अभ्यासकाने दखल घेतली की तिची किंमत चढते आणि पुढच्या थडग्यावर पहार पडते.

मिहिर:
शर्वरीताई, मग पेरूतलं सिपानचं मोचे थडगं उलगडलं असतं का? पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डोनन यांनी अशाच सुरयांचे फोटो वर्षानुवर्षं जमवले आणि १९७० च्या दशकात त्यांतून एक प्रसंग वेगळा काढला: कैद्यांचे गळे चिरतात आणि रक्ताचा पेला झगमगत्या शिरोभूषणाच्या पुरुषापुढे धरतात. १९८७ मध्ये पेरूचे पुरातत्त्वज्ञ वाल्तेर आल्वा यांना सिपानच्या थडग्यात जो पुरुष मिळाला, त्याचा साज त्या चित्रातल्या पुरुषाचाच होता. १९९१ मध्ये पेरूतल्याच सान होसे दे मोरो इथल्या थडग्यात त्याच प्रसंगातली पुजारीण मिळाली, तसाच पेला सोबत. केवळ देवांच्या कथेतली वाटणारी पात्रं हाडामांसाची निघाली! चित्रं आधी लावून ठेवलेली नसती, तर यांना ओळखलं कुणी असतं? चोराच्या गुन्ह्याची शिक्षा सुरईला कशाला?

शर्वरी:
ओळख पटली ती थडगं जागेवर शाबूत मिळालं म्हणून. आल्वा तिथे पोचले तेच मुळी पोलिसांनी चोरीचा माल पकडल्यावर. शेजारचं थडगं तोवर उपसून झालं होतं. त्यात कोण होतं, उशाशी काय होतं, पायाशी काय, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला याचा संताप येतो. शिवाय बाजारात नकली सुरयाही फिरतात. जागेची नोंद नसेल तर रेषा मोचे चित्रकाराची की आजच्या कारागिराची, हे कशावरून ठरवणार?

सुलभा:
मी मिहिरच्या बाजूची, पण एका अटीवर. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणाऱ्या १९७० च्या युनेस्को करारानंतर पेरूबाहेर गेलेली सुरई आधी परत जावी, मग तिच्यावर लिहावं.

शर्वरी:
सुलभाताई, बाहेर कधी गेली हे विक्रेताच सांगतो ना? 'आजोबांच्या संग्रहातली' एवढं म्हटलं की झालं.

मिहिर:
म्हणून खरेदी बंद करा, हे मान्य. पण ज्या सुरया संग्रहालयात येऊन पडल्याच आहेत, त्यांच्यावरची चित्रं झाकून ठेवल्याने एकही थडगं पुन्हा भरणार नाही.