ग्रीसमध्ये काय खाल्लंत, घरी काय करून बघितलंत? (अनुभव धागा)

कढीलिंब
आज मंडईतून शेपूची जुडी आणली. पिशवी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या वास सुटला आणि मला एकदम ग्रीसचं क्रीट बेट आठवलं. हानियाच्या जवळ एका खेड्यात खोली घेऊन राहिलो होतो. घरमालकीण आजी सकाळी रानातून पाटीभर पाला खुडून आणायच्या. तो उकडायचा, निथळायचा, वर ऑलिव्हचं तेल, मीठ, लिंबू. झालं. होर्ता म्हणतात. फोडणी नाही, मिरची नाही. तेल घशाशी किंचित तिखट लागतं, तेवढंच पुरतं. आणि शेपू तर कुठे कुठे! पालकाच्या पायमध्ये, हिरव्या सॅलडमध्ये, भातात.

बाहेर शाकाहारी माणसाचे हाल होतात हे फार ऐकलं. ग्रीसमध्ये व्हायचं कारण नाही. तिथल्या घरात भाजी, कडधान्य, पाव आणि तेल हेच रोजचं जेवण. पर्यटकांना गिरोस आणि मुसाका हे मांसाचे पदार्थ दाखवतात आणि बाकीचं स्वयंपाकघरातच राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. प्रवास, पाककृती, काहीही लिहा.

हळदीची_वाटी
शेपू?? आमच्याकडे नाव काढलं तरी मुलं ताटावरून उठतात. पण मस्त लिहिलंय, वाचतेय.

तिठा
शेपूप्रेमींनी हात वर करा. मी एक. मुगाची डाळ घालून, भाकरीबरोबर.

खाडीपलीकडे
मीही. लसणाची फोडणी हवी मात्र.

बाबा बोटीवर होते, पिरेयसला बोट लागली की पत्र यायचं. त्यात खाण्याचंच जास्त. तिथे गावरोस म्हणून बारकी मासळी मिळते, आपल्या मांदेलीच्या नात्यातली. मीठ लावायचं, पिठात घोळवायची, तळायची, वर लिंबू. काट्यासकट खायची. बाबा लिहायचे की ही ताटली समोर आली की घर तेवढं लांब वाटत नाही. नंतर मी स्वतः गेले तेव्हा पहिल्या दिवशी तेच मागवलं आणि डोळे भरून आले. वेटर घाबरला बिचारा, पाणी घेऊन आला.

कढीलिंब
काय लिहिलंस ग. बाबा आहेत ना आता?

खाडीपलीकडे
नाही ताई, गेले. पत्रं आहेत सगळी.

हळदीची_वाटी
🙏

अथेन्सकर
मी कामानिमित्त अथेन्समध्ये राहतो. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ईस्टरच्या आधी इथे चाळीस दिवसांचा उपास असतो, पुढे पवित्र आठवडा वेगळा. मांस, दूध, अंडी बंद. या दिवसांत खानावळीत "निस्तीसिमो" (उपासाचं) म्हणून मागा, ताटंच्या ताटं येतील. मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे हिगान्देस, भाज्या एकत्र भाजलेलं ब्रियाम, घेवड्याच्या दाण्यांचं सूप फासोलादा. मात्र सावध! कोळंबी, माकुल, ऑक्टोपस या उपासाला चालतात. त्यामुळे निस्तीसिमो म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका, विचारा.

एरवीही मेन्यूत "लादेरा" असा भाग शोधायचा. भरपूर तेलात हळूहळू शिजवलेल्या भाज्या. फरसबी, वांगं, भेंडी. त्या कोमटच वाढतात, गरम करून मागू नका, चव कोमटपणातच आहे.

पाऊलवाट
भेंडी??? कृती द्या!

अथेन्सकर
कोवळी भेंडी घ्या, चिरायची नाही. देठ पेन्सिलीसारखा निमुळता सोला, बोंड फुटता कामा नये. व्हिनेगर आणि मीठ चोळून तासभर उन्हात ठेवा, चिकटपणा जातो. पसरट भांड्यात कांदा तेलावर मऊ करा, टोमॅटो किसून घाला, वर भेंडी एका थरात मांडा. मंद आच. डाव अजिबात घालायचा नाही, भांडंच हलवायचं. शेवटी पार्सली. तेलाला हात आखडता घेऊ नका, नाव लादेरा आहे.

पाऊलवाट
आमच्याकडे आठवड्यातून तीनदा भेंडी असते, आता चौथ्यांदा. धन्यवाद दादा.

द्राक्षमळा
नाशिकहून लिहितोय. आमच्या मंडळींनी टीव्हीवर दोल्मादेस (द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात) बघितले आणि म्हणाल्या, पानं तर आपल्या दारात आहेत. शेतातली पानं मात्र आम्ही वापरत नाही, कोणीही वापरू नयेत. बागेवर फवारण्या होतात, त्या फळाचा हिशेब धरून, पानं कोणी खाईल म्हणून नाही. घरामागे एक वेल आहे, त्याला काहीच मारत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट येते, तेव्हाची तळहाताएवढी कोवळी पानं. मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढायची. आत तांदूळ, कांदा, शेपू, पुदिना, तेल. घट्ट गुंडाळायची नाहीत, तांदूळ फुगतो. भांड्यात तळाला फाटकी पानं, वर वळकट्या दाटीवाटीने, लिंबू पिळून पाणी, आणि वर ताटली उपडी घालून वजन. गार करून खाल्ली तर दुसऱ्या दिवशी जास्त छान. आईला (वय ८१) इतकी आवडली की तिने शेजारी वाटली.

तिठा
आजींना नमस्कार सांगा!

हळदीची_वाटी
नाशिककर, पार्सल करता का? 😀 यातही शेपू आहे म्हणा.

सुगरणीचा_खोपा
फेटा चीजचं काय करता सगळ्या? बाजारात मिळतं ते फार महाग.

अथेन्सकर
२००२ पासून युरोपीय संघात फेटा हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागातल्या चीजला लावता येतं. निदान ७० टक्के मेंढीचं दूध, बाकी शेळीचं, आणि किमान दोन महिने मुरवलेलं. म्हणून किंमत. गाईच्या दुधाचं पांढरं चीज वेगळं, ती चव येत नाही.

कढीलिंब
मी रोजच्यासाठी घरचं पनीर घट्ट दाबून मिठाच्या पाण्यात दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवते. तो फेटा नव्हे, पण टोमॅटो-काकडीवर ओरेगानो आणि तेलासोबत चांगलं लागतं. खरा फेटा सणासुदीला. आणि ग्रीकांच्या गावाकडच्या सॅलडमध्ये कोबी किंवा लेट्यूस घालू नका कृपा करून. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी, ऑलिव्ह, वर फेटाची अखंड वडी. टोमॅटो रसरशीत नसेल त्या दिवशी करूच नये.

वैनगंगा
आम्ही सांतोरिनी बेटावर गेलो ते सूर्यास्त बघायला, लक्षात राहिली डाळ. पिवळी, घोटलेली, वर कच्चा कांदा, केपर्स (खारवलेल्या कळ्या), लिंबू, तेल. तिथे तिला फावा म्हणतात. मी भंडाऱ्याची. पहिल्या घासाला म्हटलं, ही चव माझ्या ओळखीची आहे. परत आल्यावर शोधलं तर खरंच, तिथलं पीक लॅथिरस क्लायमेनम आणि आपली लाखोळी लॅथिरस सटायव्हस. सख्ख्या नात्यातली! आमच्याकडे धान निघालं की त्याच ओलीवर लाखोळी पडते. तिथे ज्वालामुखीच्या राखेत, जवळजवळ बिनपाण्याची. लाखोळी दिवसचे दिवस मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडतात, दुष्काळात तसं झालंय, त्यामुळे तिच्यावर बंदीही आली होती. त्या भीतीत आमच्या आज्यांनी तिचं नाव घेणं सोडलं. आणि तिकडे तीच मंडळी ताटात मानाने मांडतात, युरोपीय संघाची मोहोर लावून. मला हे सांगायचंच होतं कोणाला तरी. घरी मी तुरीच्या डाळीची करते, कांदा आणि तेल तसंच.

पाऊलवाट
वैनगंगाताई, हा प्रतिसाद जपून ठेवला.

रंकाळा
खाण्याचं नाही, पण ग्रीस निघालंय म्हणून. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक देवाची छोटी काशाची मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खननात मिळाली, पंचगंगेच्या काठी. रोमन व्यापाराच्या काळातली. आमच्या गावाला समुद्र नाही, पण समुद्राचा देव इतकी शतकं येऊन राहिलाय याचा मला फार अभिमान. आलात तर बघाच. मग तांबडा-पांढरा.

खाडीपलीकडे
वा! हे माहीतच नव्हतं. दिवाळीत येतोय कोल्हापूरला.

तिठा
जुन्नर आणि कार्ल्याच्या लेण्यांतही यवनांच्या (ग्रीकांच्या) दानाचे लेख आहेत ना.

रंकाळा
हो हो. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

सुगरणीचा_खोपा
आमची मे महिन्यातली सगळी बुकिंगं झाली होती. सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन, सगळं रद्द. ठीक आहेत आता, वॉकरवर चालतात. त्या दिवसांत मी घरीच गेमिस्ता केलं. टोमॅटो आणि ढोबळी पोखरून, आतला गर तांदळात घालून, कांदा-पुदिना, बाजूला बटाट्याच्या फोडी, ओव्हनमध्ये दीड तास. सासूबाईंनी दोन खाल्ले. त्या आजारपणात पहिल्यांदा काहीतरी मागून घेतलं त्यांनी.

कढीलिंब
किती बरं वाटलं वाचून. जाल तुम्ही, दोघी मिळून जा.

द्राक्षमळा
काकूंची काळजी घ्या. पानं हवी असतील तर कळवा, खरंच पाठवतो.

पाऊलवाट
ऑगस्टमध्ये जायचं म्हणतोय, आईबाबा बरोबर. जमेल का?

अथेन्सकर
ऑगस्ट टाळता आला तर बघा. उष्णतेची लाट आली की अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन अॅक्रोपोलिस दुपारी बंद ठेवतात, आणि बेटांवर मेल्तेमी वारा सुटतो, बोटींच्या फेऱ्या रद्द होतात. सप्टेंबर अखेर उत्तम, पाणीही पोहण्याइतकं कोमट. आईबाबा असतील तर सांतोरिनीच्या पायऱ्यांपेक्षा क्रीट बरं, आणि तिथे खाण्याची तर चंगळ. दाकोस नक्की खा. जवाचा कडक पाव, वर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. दातांसाठी पाव आधी थोडा भिजवायला सांगा.

पाऊलवाट
दातांचं बरं आठवलंत, बाबांची कवळी आहे. सप्टेंबरचं बघतो.

हळदीची_वाटी
भेंडी उन्हात ठेवली आहे. मांजर येऊन वास घेऊन गेलं.