एज्युकेशन पॉलिसी फेलोशिपची वर्षे १९६४ पासून मोजणे कितपत योग्य आहे?

धांडोळा:
नमस्कार. अमेरिकेतील शिक्षणधोरणाच्या इतिहासावर मी एक टिपण लिहीत आहे. त्यात वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर एज्युकेशनल लीडरशिप या संस्थेच्या ‘एज्युकेशन पॉलिसी फेलोशिप प्रोग्रॅम’ला स्वतंत्र परिच्छेद द्यावा असे मनात आहे. संस्थेने २०१४ मध्ये पन्नाशी साजरी केली, म्हणजे २०२४ मध्ये साठ वर्षे झाली. हिशेब सरळ आहे, पण खोलात शिरल्यावर तो मला पटेनासा झाला. १९६४ मध्ये जे सुरू झाले त्याचे नाव ‘वॉशिंग्टन इंटर्नशिप्स इन एज्युकेशन’ असे होते आणि त्यात निवडलेल्या व्यक्तींना वर्षभर राजधानीतील कार्यालयांत बसवून काम शिकवले जात असे. आजचा फेलो मात्र आपली नोकरी न सोडता, आपल्याच राज्यात राहून, साधारण दहा महिने महिन्यातून एकदोनदा एकत्र जमतो. नाव बदलले, जागा बदलली, सहभागाची रीतही बदलली. तरीही वर्धापनाची गणना १९६४ पासूनच करावी का? शिवाय, नेमके त्याच वर्षी असे काही सुरू करण्याची गरज का वाटली असावी? १९६५ चा शिक्षणकायदा झाला म्हणून फेलोशिप आली, असे सोपे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

जुने_दप्तर:
आपली शंका रास्त आहे, आणि शेवटच्या वाक्यातील सावधपणा तर फारच योग्य आहे. पुष्कळ जण हा कार्यक्रम शाळांना केंद्राचा मोठा निधी देणाऱ्या १९६५ च्या ‘एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन अ‍ॅक्ट’चे अपत्य मानतात. परंतु त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली ११ एप्रिल १९६५ रोजी, टेक्सासमधील ज्या एकखोली शाळेत ते लहानपणी शिकले तिच्या अंगणात, त्यांच्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. इंटर्नशिप त्याआधीच्या वर्षीची आहे. अपत्य आईच्या आधी जन्माला येत नाही.

मग १९६४ मध्ये होते काय? अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. शाळा हा राज्यांचा आणि प्रत्यक्षात हजारो स्थानिक शिक्षण मंडळांचा विषय. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेल्यावर १९५८ च्या ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट’ने केंद्राचा पैसा विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी येऊ लागला, पण त्याला संरक्षणाचा मुलामा द्यावा लागला, हे त्याच्या नावातच दिसते. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने एक मोठी गोष्ट केली: वंशभेद करणाऱ्या संस्थेला केंद्राचा निधी रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अधिकार आला आणि पाठोपाठ पैसाही येणार हे दिसत होते, मात्र शाळा कशी चालते आणि विधेयक कसे चालते या दोन्ही गोष्टी जाणणारी माणसे वॉशिंग्टनमध्ये मोजकीच होती. शिक्षणाचे केंद्रीय कार्यालय तोवर मुख्यतः आकडेवारी गोळा करणारे आणि अनुदाने वाटणारे एक छोटे खाते होते. फोर्ड फाउंडेशन या खासगी दानसंस्थेच्या पाठबळाने सुरू झालेली इंटर्नशिप ही या उणिवेवरची तोड होती. निवडक तरुणांना वर्षभर केंद्र सरकारात काम देणाऱ्या व्हाइट हाउस फेलोशिपची घोषणाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली, यावरून एकंदर वातावरणाची कल्पना येईल.

आता बदलाविषयी. सॅम्युएल हाल्परिन हे आधी आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यात शिक्षणविषयक विधेयकांचे काम पाहत असत; १९६५ च्या कायद्याच्या जडणघडणीत त्यांचा हात होता. पुढे त्यांनी या संस्थेची धुरा सांभाळली. म्हणजे कायदा आणि फेलोशिप यांचे नाते आहे, पण ते माणसाच्या मार्फत आहे. १९८१ पासून दोन दशके संस्थेचे नेतृत्व मायकेल उस्डन यांच्याकडे होते. ते त्याआधी कनेटिकट राज्याचे उच्चशिक्षण आयुक्त होते. राजधानीतील नेतृत्वानंतर राज्याच्या कारभारातून आलेले नेतृत्व, हा क्रम मला बोलका वाटतो, कारण धोरणाचा गुरुत्वमध्यही त्याच काळात सरकत होता. शाळांच्या घसरत्या दर्जाचा इशारा देणाऱ्या १९८३ च्या ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ या अहवालानंतर सुधारणांची झुंबड उडाली ती राज्यांच्या राजधान्यांत, आणि १९८९ मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी शिक्षणावर चर्चेसाठी बोलावले ते गव्हर्नरांना. निर्णय जिथे होतात तिथे माणसे घडवायची असतील तर वॉशिंग्टनमध्ये खुर्ची देऊन भागणार नव्हते. त्यामुळे राज्याराज्यांत केंद्रे निघणे हा मला मूळ हेतूचाच पुढचा टप्पा वाटतो. १९६४ ची गणना माझ्या मते ग्राह्य आहे. फक्त ‘याच नावाने’ असे लिहू नये.

तुकडीतला_एक:
मी काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्याच्या फेलोंच्या तुकडीत होतो, म्हणून थोडे आतले सांगतो. आमच्यात एक मुख्याध्यापिका होत्या, राज्य विधिमंडळातील एक विश्लेषक होता, शिक्षक संघटनेचे एक पदाधिकारी होते, दोघेतिघे विद्यापीठातले आणि एक बालवाडी क्षेत्रातील कार्यकर्ती होती. पहिल्या बैठकीत संघटनेचे पदाधिकारी आणि विश्लेषक एकमेकांशी अदबीने पण जपून बोलत होते. मार्चपर्यंत ते एकमेकांच्या मसुद्यांवर पेन्सिलीने खुणा करत होते. नोकरी न सोडण्याच्या अटीचा अर्थ मला तेव्हा कळला. बैठकीत जे ऐकले ते सोमवारी कामावर तपासून पाहता येई, आणि बहुधा ते तिथे जसेच्या तसे लागू पडत नसे.

सर्वांत लक्षात राहिलेला भाग मात्र शाळेतला नव्हता. पूर्वेकडच्या तुकड्यांना पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या आर्मी वॉर कॉलेजच्या प्राध्यापकांबरोबर अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गची युद्धभूमी दाखवतात. हातात नकाशा घेऊन आम्ही सेमेटरी हिलच्या उतारावर उभे होतो. १ जुलै १८६३ च्या संध्याकाळी दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी आपल्या हाताखालचे जनरल यूएल यांना निरोप पाठवला की, शक्य वाटल्यास ती टेकडी घ्यावी, मात्र मोठी लढाई ओढवून घेऊ नये. असे मोघम निरोप स्टोनवॉल जॅक्सन यांना चालत, कारण लींच्या मनातले ते ओळखत. पण जॅक्सन मे महिन्यातच मरण पावले होते आणि त्यांच्या जागी यूएल आले होते. यूएल थांबले, रात्रीतून उत्तरेच्या सैन्याने टेकडी पक्की केली आणि पुढचे दोन दिवस त्याची किंमत दक्षिणेला मोजावी लागली. प्राध्यापकांनी विचारले, “चूक कोणाची?” आम्ही सगळे यूएलवर तुटून पडलो. तेव्हा त्या मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, “मला राज्य शिक्षण विभागाकडून दर आठवड्याला असेच ‘शक्य वाटल्यास’ येते.” त्यानंतरचा एक तास आम्ही युद्धाबद्दल फारसे बोललो नाही.

तिसरी_घंटा:
प्रसंग सुंदर आहे, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. माजी फेलोंच्या आठवणी नेहमीच सुंदर असतात. त्यावरून कार्यक्रमाने धोरणात काय फरक पाडला हे कळत नाही. दुसरे, सहभागासाठी बहुतेक ठिकाणी नियोक्त्याची संमती लागते आणि शुल्कही पुष्कळदा तोच भरतो. ज्यांचा नियोक्ता सधन आणि उदार असतो त्यांनाच दार उघडते. मी ज्या लहान संस्थेत काम करत होतो तिथल्या वरिष्ठांनी “दहा महिने तुमचे शुक्रवार कोण भरून काढणार?” एवढे विचारून माझा अर्ज बाजूला ठेवला होता, हे प्रांजळपणे सांगतो, त्यामुळे माझ्या म्हणण्यात थोडा कडवटपणा असेल तर तो वजा करून वाचावे. आणि ज्या गरीब मुलांसाठी १९६५ च्या कायद्याचा पहिला भाग लिहिला गेला त्यांचे पालक या बैठकीत कुठे आहेत? १९६९ च्या एका प्रसिद्ध अहवालाने दाखवून दिले की कायद्याच्या त्या भागाखालचा पैसा अनेक जिल्ह्यांनी सर्वसाधारण खर्चात मुरवला होता. तो अहवाल लिहिणाऱ्या रुबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लुअर नागरी हक्क चळवळीच्या बाजूने लिहीत होत्या. व्यवस्थेच्या आतल्यांनी एकमेकांना भेटून जे साधते ते बाहेरच्यांच्या अशा अहवालापुढे किती टिकते?

जुने_दप्तर:
अहवालाचा मुद्दा मान्य, पण त्याची पुढची पायरीही सांगायला हवी. अहवालाने बोभाटा झाला आणि त्यानंतर, केंद्राचा पैसा स्थानिक खर्चाला पूरक असावा, त्याची जागा घेणारा नसावा, ही अट कडक झाली. ती अट कलमांत बसवणे, राज्य विभागाला तिचा हिशेब तपासायला शिकवणे आणि जिल्ह्याच्या लेखापालाला ती समजावणे हे काम आतल्याच माणसांनी केले. बाहेरून रेटा आला नसता तर काही हलले नसते, हेही तितकेच खरे. मोजमापाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. एखादा मसुदा कोणत्या ओळखीमुळे सुधारला हे कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

तुकडीतला_एक:
शुल्काबद्दल तिसरी_घंटा यांचे म्हणणे मी नाकारणार नाही. आमच्या तुकडीत ग्रामीण जिल्ह्यातील एकच जण होता, आणि तोही दर बैठकीला तीन तास गाडी चालवून येत असे.

धांडोळा:
सर्वांचे आभार. टिपणात आता असे वाक्य ठेवले आहे: “१९६४ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने वॉशिंग्टनपुरती सुरू झालेली शिक्षणविषयक इंटर्नशिप कालांतराने राज्याराज्यांतील नोकरदार अधिकाऱ्यांसाठीच्या फेलोशिपमध्ये रूपांतरित झाली, आणि संस्था आपली वर्षे त्या पहिल्या इंटर्नशिपपासून मोजते.” १९६५ च्या कायद्यापासून तिचा जन्म सांगणारे वाक्य काढून टाकले आहे. नियोक्त्याच्या अटीवर एक तळटीप देईन. तिसरी_घंटा, तुमच्या वरिष्ठांचा तो शुक्रवारचा प्रश्न नाव न घेता तिथे वापरला तर चालेल का?

तिसरी_घंटा:
अवश्य वापरा. फक्त प्रश्न विचारणाऱ्यांना आठवड्याचे वार नीट आठवत नसत, बैठका गुरुवारी होत्या, हेही लिहा.