फॉस्टरमधल्या मुलीच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर सही कोणाची?

भांडुपची_आई:
आमच्याकडे फेब्रुवारीपासून सात वर्षांची मुलगी आहे, दत्तक नाही हं, फॉस्टर केअर, म्हणजे फक्त सांभाळायला दिलेली, सीडब्ल्यूसीची (बाल कल्याण समितीची) ऑर्डर आहे. तिचा उजवा कान वाहतो. आली तेव्हा उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडायचे, मला वाटलं तेलाचे. आता डॉक्टर म्हणतात पडद्याला भोक आहे, ऑपरेशन करू. पण फॉर्मवर फक्त "आई/वडील". मी म्हटलं मी फॉस्टर आई, तर काउंटरवरचा म्हणतो म्हणजे सावत्र का? आडनावं वेगळी बघून फॉर्म परत सरकवला, पोर शेजारी उभी राहून ऐकतेय. पैशाचं नाही म्हणत, सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेचे महिना ४,००० येतात, सहीवरच अडलंय. शिवाय लसीकरणाचं कार्डही नाही तिचं, त्याचं काय करायचं?

परळ_लोकल:
ताई, मी म्युनिसिपल हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होतो. काउंटरशी वाद घालू नका, त्याला फॉर्मपलीकडचं माहीत नसतं, सरळ हॉस्पिटलच्या समाजसेवकाला गाठा. मूल सांभाळायला तुमच्याकडे दिलंय पण दत्तकासारखे पालकाचे सगळे हक्क तुम्हाला मिळत नाहीत, म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनला डॉक्टर कचरतात. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज टाका, समितीकडून ऑपरेशनच्या संमतीचं पत्र मागा. भांडुप म्हणजे उपनगर जिल्हा, चुकून शहरच्या कक्षात जाऊन हेलपाटा घालू नका.

बोरिवली_बाबा:
+१. फक्त एका ऑपरेशनपुरतं पत्र मागू नका, रोजच्या औषधपाण्याचंही त्यातच लिहून मागा, नाहीतर दात काढायला पुन्हा तेच. आमच्याकडे मुलगा आहे, त्याची फाइल मी ऑफिसच्या बॅगेतच ठेवतो, ऑर्डर, आधार, जुने रिपोर्ट सगळं. बायको हसते. पण रात्री पोराला ताप भरला तर पत्र शोधत बसायचं का?

परळ_लोकल:
जिवावरचं असेल तर सहीसाठी थांबायचं नसतं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३० डॉक्टरला त्यासाठीच संरक्षण देतं. आणि त्यातलंच कलम २७ बघा, बाराखालच्या मुलासाठी पालकाबरोबर "कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती" असंही आहे त्यात. पण ताई, कलम वाचून दाखवून काउंटरवरचा माणूस हलत नाही, पत्राने हलतो.

सिस्टर_कुर्ला:
कार्ड नसेल तर लस घेतलीच नाही असं धरून चालतात, एखादी दोनदा झाली तरी सहसा काही बिघडत नाही. जवळच्या म्युनिसिपल आरोग्य केंद्रात न्या, नवीन कार्ड करून देतील, फुकट. डाव्या दंडावर बीसीजीचा (टीबीच्या लसीचा) व्रण बघा, नसला तरी घाबरू नका, ती आपल्याकडे वर्षाच्या आतच देतात. आणि आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात, तेल तर अजिबात नको, आजीने कितीही सांगितलं तरी.

भांडुपची_आई:
तेल आमच्या सासूबाईंनी घातलं होतं एकदा 🙈 आता बाटलीच लपवते. सोमवारी अर्ज टाकते, मराठीत चालतो ना?

परळ_लोकल:
मराठीतच द्या. दोन कॉप्या न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.