फरशी चकचकीत होती, आईच्या टाचा काळ्या पडल्या होत्या

थोरली

भटक्या_६२ यांचा परवाचा लेख डोक्यातून जात नाहीये. मामांसाठी त्यांनी दोन दिवसांत पुण्याच्या आसपासची सात केअर सेंटर पाहिली आणि लिहिलं, "आत शिरल्यावर वास येत नसेल, फरशी स्वच्छ असेल, गुगलवर साडेचारच्या वर तारे असतील आणि मोबाइलवर कॅमेरा दिसत असेल, तर डोळे मिटून ठेवा. पंधरा मिनिटांत सगळं कळतं." खाली सगळ्यांचे धन्यवाद आणि "वाचनखूण साठवली". म्हणून हा वेगळा धागा.

माझी आई अशाच ठिकाणी सहा महिने होती. फिनेलचा सोडला तर कसलाही वास नाही. दारात तुळस, हॉलमध्ये विठ्ठलाची तसबीर, चैत्रात हळदीकुंकू आणि लगेच ग्रुपवर त्याचे फोटो. आत्याला मीच फोन करून सांगितलं होतं की घरी होतं त्यापेक्षा बरं चाललंय. आईची पक्षाघाताने डावी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. मे महिन्यात एका मंगळवारी पायाला तेल लावावं म्हणून तिचे मोजे काढले. ऐन उन्हाळ्यात मोजे कशाला, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग, कडेने ओलसर. कुशीवर वळवलं तर माकडहाडावर जखम, बोटाचं पेर आत जाईल एवढी. मावशी म्हणाली, "ताई, मी कालच आले ब्युरोकडून, मला नाही माहीत." ब्युरो म्हणजे अशा बायका पुरवणारी एजन्सी.

सतत एकाच कुशीवर पडून होणारी एवढी जखम (बेडसोअर) एका रात्रीत होत नाही. आधी नुसती लाली येते, बोटाने दाबली तरी ती पांढरी पडत नाही. त्या दिवशी कोणी पाहिलं असतं तर तिथेच थांबली असती. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची असते. तिथे २२ जण होते, त्यातले १४ खिळलेले, आणि रात्री ८ ते सकाळी ८ दोन मावश्या. म्हणजे एका रात्रीत ८४ वेळा कूस, शिवाय डायपर, पाणी, कुणाची नळी. हा हिशेब मी आई गेल्यावर केला.

तेव्हा फरशी बघू नका. रात्री किती माणसं असतात ते विचारा. तिथल्या माणसांच्या वजनाची वही मागा आणि दर महिन्याचा आकडा बघा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या टाचा बघा.

भटक्या_६२

ताई, आईंचं वाचून फार वाईट वाटलं. पण माझी परिस्थितीही ऐका. मामा ८४ वर्षांचे, मूलबाळ नाही, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हॉस्पिटलने शुक्रवारी सांगितलं, सोमवारी डिस्चार्ज. माझं स्वतःचं बायपास झालंय, तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. मधल्या दोन दिवसांत मी वह्या कुठे मागत बसू? एका ठिकाणी स्टाफ किती म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "काका, विश्वास नसेल तर घरी ठेवा."

आणि वासाला एवढं कमी लेखू नका. सातपैकी दोन ठिकाणी जिन्यातच लघवीचा दर्प होता. म्हणजे डायपर वेळेवर बदलत नाहीत. हे कळायला वही लागत नाही.

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं सिस्टर होते, म्हणून लिहिते. दर्प आला तर तिथून परत फिरा, हे भटक्यांचं बरोबर आहे. पण दर्प नाही म्हणून सेवा चांगली, असं होत नाही. दुपारी ४ ला भेटीची वेळ असेल तर ३ ला सगळ्यांचे डायपर बदलून पावडर लावता येते. तोंड बघा. जिभेवर पांढरा थर, ओठांना भेगा, म्हणजे पाणी पाजलं जात नाही आणि तोंड पुसलं जात नाही. तांब्या हाताला येतो का बघा. बहुतेक ठिकाणी तो खिडकीत असतो. राइल्स ट्यूबवाला (नाकातून पोटात अन्नाची नळी घातलेला) पेशंट नळीतून अन्न चालू असताना आडवा दिसला तर दुसरं काही बघायचीही गरज नाही. डोकं उंच हवं, नंतरही निदान अर्धा तास. नाहीतर ते दूध छातीत जातं आणि पुढे निमोनिया.

अवांतर, पण बोलणारच. नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला तीन वर्षं घालवावी लागतात, एएनएमला दोन. ब्युरोवाले आठ दिवसांपूर्वी गावाहून आलेल्या मुलीला पांढरा एप्रन घालतात आणि तुम्ही सगळे तिला "सिस्टर" म्हणता. तिचा दोष नाही, तिला कोणी शिकवलेलंच नसतं. थोरलीताई, ती "मला नाही माहीत" म्हणाली ते खरंच असणार.

केंद्रचालक

बराच वेळ वाचत होतो. माझं ३० खाटांचं केंद्र आहे. आता आमची बाजू.

निम्मे पेशंट आमच्याकडे जखमा घेऊनच येतात. हॉस्पिटलमधून, घरून. मी दाखल करताना पाठीचे फोटो काढून नातेवाइकांची सही घेतो, कारण दोन महिन्यांनी तेच लोक म्हणतात, "हे तुमच्याकडे झालं." महिना ३० हजारांत राहणं, तीन वेळा जेवण, औषध देणं, चोवीस तास माणूस. घरी दिवसरात्रीच्या दोन बायका ठेवून बघा, त्यांच्या पगारातच एवढे जातात. डायपर वेगळे लावले तर लूट म्हणतात. दिवाळीत पाच बायका गावी गेल्या की मी आणि माझी बायको रात्रभर डायपर बदलतो. चार महिन्यांत एकदाही न आलेला मुलगा येतो, वडिलांची नखं वाढलेली बघतो आणि ऑफिसात टेबलावर हात आपटतो. त्याचा फोन मात्र पहिल्या आठवड्यानंतर लागलेला नसतो.

थोरली

मी दर आठवड्याला जात होते. मंगळवारी आणि शनिवारी. माझा फोन नेहमी लागायचा, पण जखमेसाठी एकदाही आला नाही. बिलासाठी आला.

तुम्ही दाखल करताना फोटो काढता हे चांगलं करता, ते मान्य. मग दर पंधरा दिवसांनी काढून आम्हाला पाठवत का नाही? आणि तुमच्याकडे नोंदणी कसली आहे?

केंद्रचालक

ट्रस्ट आहे. धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेला.

निवृत्त_अव्वल_कारकून

ती नोंदणी ट्रस्टची झाली, शुश्रूषेची नाही. तिथे हिशेब बघतात, पाठ बघत नाहीत. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा त्याच्या व्याख्येत येते. नळी, कॅथेटर, ड्रेसिंग करणाऱ्यांनी "आम्ही फक्त वृद्धाश्रम" म्हणून हात झटकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम. पण वाक्य "सरकार उभारेल" असं नाही, "उभारू शकेल" असं आहे. त्या एका क्रियापदावर आपण इतकी वर्षं बसलोय. तक्रारीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, ती तरी फिरवा.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) साइटवर प्रत्येक नर्सिंग होमला १ ते ५ तारे असतात, २००८ पासून. सरकारी तपासणी, मनुष्यबळ आणि रुग्णांची स्थिती, असे तीन भाग. रुग्णांची स्थिती बरीचशी ती होम्स स्वतःच कळवतात, त्यामुळे ५ तारे बघून मीही हुरळणार नाही. पण एका रुग्णाच्या वाट्याला रोज नर्सचा किती वेळ येतो, तो आकडा घरबसल्या दिसतो. थोरलीताई विचारताहेत तोच आकडा.

मात्र भटक्यांच्या कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर मी ठाम त्यांच्या बाजूने. माझे बाबा नाशिकजवळ एका केंद्रात होते. भारतात पहाटेचे ३ असताना मी इथे जेवता जेवता फोन उघडला तर बाबांचे दोन्ही हात ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. कॅमेरा नसता तर मला कधीही कळलं नसतं.

ओसरीवरची

कॅमेरा कॅमेरा करताय म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंच्या पलंगासमोर होता. लिंक दोन दिरांकडे, नणंदेकडे, दिल्लीच्या नातवाकडे. डायपर बदलणं, स्पंज, सगळं त्यात. ज्या बाईने जन्मभर मुलासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती स्पंजच्या वेळी तोच पदर तोंडावर ओढून घ्यायची. मला वाटायचं उजेड लागतो. एकदा खूण करून त्यांनी मला भिंतीवरचा तो डोळा दाखवला. मी त्यावर रुमाल टाकला तर दहा मिनिटांत धाकट्या दिरांचा फोन, "वहिनी, काय लपवताय?"

एडिसनकर

वाईट झालं. पण पदर जपायचा की बांधलेले हात दिसायचे, असं निवडायची वेळ आली तर मी हातच निवडेन.

ओसरीवरची

तुम्ही निवडाल. त्यांना कोणी विचारलं? लांबून बघणाऱ्याला वाटतं आपण सेवा करतोय. इथे येऊन दोन दिवस बाबांजवळ बसला असतात तर ओढणी सोडवता आली असती.

एडिसनकर

ताई, हे बोलायला नको होतं. माझा व्हिसा अडकला होता, बाहेर पडलो असतो तर परत येता आलं नसतं आणि बाबांचे पैसे इथूनच जात होते. मी रोज रात्री तो फोन उशाशी घेऊन झोपायचो. तुम्हाला ते नुसतं बघणं वाटत असेल.

रात्रपाळी

दोघंही थांबा. नळी उपसू नये म्हणून कधी हात अडकवावे लागतात, मीही अडकवलेत. पण डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय नाही, मऊ पट्टीने, आणि थोड्या थोड्या वेळाने सोडून मनगट बघायचं. ओढणीने कठड्याला बांधतात ते जवळ बसायला माणूस नसतं म्हणून. कॅमेरा कॉरिडॉरमध्ये लावावा, पलंगावर नको.

एडिसनकर

बाबांचे हात कॉरिडॉरमध्ये बांधले नव्हते, सिस्टर.

रात्रपाळी

याला माझ्याकडे उत्तर नाही. मग निदान स्पंजच्या आणि डायपरच्या वेळी पडदा ओढू द्या आणि लिंक एकाच माणसाकडे ठेवा.

ओसरीवरची

एकाकडे चालेल. पण तो माणूस त्या म्हातारीने ठरवायचा. आणि व्हिसाचं मला माहीत नव्हतं, ते वाक्य मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

थोरली

कॅमेऱ्याने चुकलेलं दिसतं, कूस बदलली जात नाही. आईच्या खोलीतही होता. तिची पाठ गादीकडे होती, त्यात काय दिसणार? केंद्रचालक, माझ्या फोटोंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आणि तुमच्याकडे रात्री किती माणसं असतात?

केंद्रचालक

रात्री ३० जणांना तीन बायका. चौथी ठेवली तर प्रत्येकी पाचशे-सहाशे वाढवावे लागतील. गेल्या वर्षी विचारलं होतं, १९ घरांनी नकार दिला. फोटोंचं म्हणाल तर पुढच्या महिन्यापासून पाठवून बघतो. बघतो म्हणालोय, शब्द नाही देत.

भटक्या_६२

"डोळे मिटून" हे शब्द माझ्या लेखातून काढले. बाकी लेख ठेवलाय, कारण दोन दिवस हातात असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

रविवारी रात्री साडेनऊला शेवटच्या दोन ठिकाणी न सांगता गेलो. एकाने गेटच उघडलं नाही. दुसऱ्या ठिकाणी २६ जणांना दोन मावश्या. त्यातली एक दाराशी भिंतीला टेकून जेवत होती, डबा मांडीवर. आतून कोणीतरी "बाई, अगं बाई" अशी हाक मारली. ती अर्धी भाकरी डब्यात ठेवून, हात धुवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मामांना तिथेच ठेवलंय. तुमच्या ८४ च्या हिशेबात ते बसत नाही, माहीत आहे. पण सोमवार उजाडला होता.

थोरली

ठेवा. जाल तेव्हा भेटीच्या वेळेआधी जा. मोजे घालू देऊ नका, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्यायला सांगा. त्यांना मधुमेह आहे का?

भटक्या_६२

आहे, वीस वर्षांपासून. हे तिथे सांगायचंच राहिलं. आता फोन करतो.